पंट घरी बांधता येईल. तिच्यावरची बंदूक मात्र नाही

इंग्लंडमधल्या एसेक्सच्या किनाऱ्याजवळ राहायला आल्यावर तिथल्या खाड्यांमधून पूर्वी रानबदकांच्या शिकारीसाठी फिरणाऱ्या चपट्या, बुटक्या पंट होड्या तुम्ही पाहिल्या. तशी एक पंट आणि तिच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून बसणारी लांब बंदूक, या दोन्ही वस्तू घरच्या गॅरेजमध्ये बांधता येतील का, लाकूड कोणते घ्यावे आणि सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. सुतारकामाची हत्यारे आणि एक लहान लेथ तुमच्याकडे आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम बरीच वर्षे करत आलो आहे आणि त्यात पंटही आल्या आहेत. माझे उत्तर असे की होडी अवश्य बांधा, बंदूक बांधू नका. पण होडीचे पहिले माप काढताना बंदुकीचे वजन मात्र हाताशी ठेवा, कारण ही होडी मुळात बंदुकीचा तरंगता गाडा आहे आणि तिचे जवळजवळ प्रत्येक माप त्या वजनातून निघते.

होडीचा हा प्रकार इंग्लंडच्या ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाजणांनी घडवला आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी विजन, टील यांसारखी बदके भरतीच्या उथळ पाण्यावर थवे करून बसतात आणि उभा माणूस दिसताच अर्ध्या मैलावरून उडतात. म्हणून शिकारी पोटावर निजून, पाण्याच्या पातळीपासून अगदी थोडे वर डोके ठेवून, हाताएवढ्या वल्ह्यांनी होडी पुढे सरकवतो आणि साठ ते ऐंशी यार्डांवरून थव्यावर एकच बार टाकतो. या पद्धतीला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिस्त आणली ती कर्नल पीटर हॉकर (१७८६–१८५३) यांनी. स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईत मांडीला जखम होऊन सैन्यातून परतलेला हा गृहस्थ इंग्लंडच्या दक्षिणेकडील सोलेंट सामुद्रधुनीच्या काठी कीहेवन येथे हिवाळे काढत असे. त्याच्या दुनळी बंदुकीची एक नळी गारेच्या चापावर (गारगोटीच्या ठिणगीने) आणि दुसरी टोपीच्या चापावर (ठोक्याने पेटणाऱ्या टोपीने) उडत असे, कारण गारेचा बार किंचित उशिरा होतो आणि पहिल्या आवाजाने पाण्यावरून उठलेला थवा दुसऱ्या बाराच्या टप्प्यात येतो. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात सर राल्फ पेन-गॅलवे यांनी होडी आणि बंदूक या दोहोंची मापे इतक्या बारकाईने मांडली की आज दिसणाऱ्या बहुतेक पंटांची वंशावळ त्यांच्यापर्यंत पोचते. बंदुका लंडन-बर्मिंगहॅमच्या नामांकित कारखान्यांत तयार होत. होड्या मात्र गावचा सुतार किंवा शिकारी स्वतः बांधी. हा फरक त्या काळीही होता आणि तो सकारण होता.

बंदुकीबद्दल जे सांगायचे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे होडीवर सविस्तर बोलता येईल. खांद्यावरच्या बंदुकीत जेवढे छर्रे जातात त्याच्या दहा-पंधरा पट, म्हणजे पौंडभर किंवा त्याहून अधिक, छर्रे या नळीतून जातात; तो सगळा दाब जिथे निर्माण होतो तो नळीचा मागचा भाग निजलेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. नळीच्या धातूत आत दडलेली चीर, सांध्यातला दोष किंवा भलत्या कामासाठी बनवलेल्या पोलादी पाइपातली शिवण डोळ्यांना दिसत नाही आणि पहिल्या चार बारांत कदाचित जाणवतही नाही. घरच्या लेथवर माप बरोबर साधता येईल. पण मापाची अचूकता हा ताकदीचा पुरावा नव्हे. तो पुरावा देणारी व्यवस्था इंग्लंडमध्ये कित्येक शतकांची आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. या दोन ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त दाबाखाली नळी तपासून तिच्यावर शिक्का मारला जातो आणि असा वैध शिक्का नसलेली बंदूक विकणे हा १८६८ च्या प्रूफ कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे ज्याला खरोखर बंदूक हवी आहे त्याने परवानाधारक बंदूककाराकडून शिक्का असलेली जुनी बंदूक शोधावी, तो शिक्का आजच्या घडीलाही ग्राह्य आहे की पुन्हा चाचणी हवी हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे आणि दुरुस्तीही त्याच्याच हातून करून घ्यावी. नळी, चाप, बार भरण्याची मात्रा यांपैकी कशाचीही कृती मी देणार नाही.

इंग्लंडमधला कायदाही थोडक्यात लक्षात घ्या, कारण तो होडीच्या आराखड्यावर परिणाम करतो. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार वन्य पक्ष्यांवर वापरल्या जाणाऱ्या शॉटगनच्या नळीच्या तोंडाचा आतला व्यास पावणेदोन इंचांपेक्षा जास्त असता कामा नये. त्याहून मोठ्या जुन्या बंदुका संग्रहालयात शोभतात, पाण्यावर नाही. त्याच कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून पक्ष्यांचा पाठलाग करून त्यांना मारणे निषिद्ध आहे, म्हणून पाठलागाच्या वेळी होडी काठीने किंवा वल्ह्यानेच चालली पाहिजे. बंदूक बाळगायला पोलिसांचे शॉटगन प्रमाणपत्र लागते, आणि बंदुकीची काळी दारू मिळवायला व ठेवायला स्फोटकांचे वेगळे प्रमाणपत्र लागते. भरतीरेषेखालच्या भागात बदकांचा हंगाम १ सप्टेंबर ते २० फेब्रुवारी असा आहे. १९९९ पासून इंग्लंडमध्ये बदकांवर आणि किनाऱ्याच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शिशाचे छर्रे वापरता येत नाहीत. काळ्या मानेची लहान ब्रेंट हंस ही जात, जी एसेक्सच्या खाड्यांवर तुम्हाला हिवाळाभर दिसेल आणि जिच्या मागे जुने पंटवाले फिरत, ती १९५४ पासून संरक्षित आहे. शिवाय त्या खाजणाची मालकी कोणाची, तिथे कोणत्या स्थानिक क्लबचा हक्क आहे, त्या भागात पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र आहे का, हे प्रत्येक खाडीगणिक वेगळे असते. ते विचारल्याशिवाय बंदुकीसह पाण्यावर जाऊ नये.

तुमचे भाऊ रत्नागिरीला राहतात आणि त्यांनाही अशीच होडी हवी आहे, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानबदकांच्या शिकारीचा प्रश्नच उरत नाही आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना बंदूक बनवणे हा गुन्हा आहे. होडी मात्र तिथेही उपयोगी आहे: छायाचित्रकाराला आणि पक्षीनिरीक्षकाला पाण्याशी इतकी लगट करून बसणारे दुसरे साधन क्वचितच मिळेल. इंग्लंडमध्येही शिकारीतून पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळल्याचे उदाहरण आहे. निसर्ग-अभ्यासक पीटर स्कॉट तरुणपणी पूर्व किनाऱ्यावरच्या वॉश उपसागराच्या खाजणांवर पंटमधून शिकार करत, आणि त्यांनीच १९४६ मध्ये स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांच्या अभ्यासासाठी आणि संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. बंदूक नसेल तर पुढच्या मापांत काय बदलावे हे योग्य ठिकाणी सांगतो.

आता होडी. पंट एका माणसाची किंवा दोघांची असते. दोघांची बावीस-चोवीस फूट लांब जाते आणि पहिल्या कामाला ती घेऊ नये. एका माणसाच्या पंटला सुमारे १८ फूट लांबी, तळाशी दोन फूट सात-आठ इंच रुंदी, डेकच्या पातळीवर सुमारे तीन फूट रुंदी आणि बाजूंची उंची आठ ते साडेआठ इंच, ही मापे वाजवी आहेत. ही होडी किती बुडेल हे कागदावरच काढता येते. साडेपाच मीटर लांबी आणि ऐंशी सेंटिमीटर रुंदी घेतली आणि दोन्ही टोके निमुळती असल्यामुळे त्या आयताचा साधारण ०.६५ भागच पाण्यावर टेकतो असे धरले, तर पाण्यावरचे क्षेत्रफळ सुमारे २.९ चौरस मीटर भरते. म्हणजे खाऱ्या पाण्यात दर सेंटिमीटर बुडण्यामागे जवळजवळ तीस किलो वजन पेलले जाते. होडी ७० किलो, माणूस कपड्यांसह ९०, बंदूक ४० आणि बाकी सामान २० किलो धरले तर २२० किलोंना साडेसात सेंटिमीटर पाणी लागते. तळाच्या बाकामुळे, म्हणजे लांबीतल्या कमानीमुळे, मध्यभागी थोडे अधिक लागेल. तीन-साडेतीन इंच पाण्यावर चालणारी आणि पाण्याबाहेर बाजू पाच इंचांच्या आसपासच दिसणारी होडी हवी होती, ती या मापांत मिळते. रुंदी वाढवावी असा मोह तीन फूट पाहून बहुतेकांना होतो. ती थोडी वाढवल्याने होडी स्थिर वाटते हे खरे. पण निजलेल्या माणसाचे हात दोन्ही काठांवरून पाण्यापर्यंत पोचले पाहिजेत आणि ते पोचेनासे झाले की ही होडी तिच्या मुख्य कामातून गेली.

लांबीच्या दिशेने तोल साधणे हे रुंदीपेक्षा महत्त्वाचे आहे आणि नवखे लोक नेमके इथेच डेक ठोकून मोकळे होतात. बंदूक पुढे असते, माणूस मागे असतो आणि दोघांचे वजन होडीच्या मध्याभोवती तराजूसारखे तोलले गेले पाहिजे. बंदूक ४० किलोंची असून तिचा वजनबिंदू मध्यापासून १.२ मीटर पुढे असेल, तर ९० किलोंच्या माणसाचा वजनबिंदू मध्यापासून ५३ सेंटिमीटर मागे असला की हिशेब जुळतो. पोटावर निजलेल्या माणसाचा वजनबिंदू बेंबीच्या आसपास असतो, हे धरून कॉकपिटची, म्हणजे डेकमधल्या माणसाच्या मोकळ्या जागेची, पुढची आणि मागची कड ठरते. नाक बुडते राहिले तर होडी सरळ चालत नाही आणि लहान लाटही डेकवर चढते. शेपटी बुडते राहिली तर नाळेखालचा चपटा तळ प्रत्येक लाटेवर चपचप आपटतो आणि तो आवाज शांत पाण्यावर पक्ष्यांना फार दुरून ऐकू जातो. म्हणून डेक बसवण्याआधी होडी उघडीच पाण्यात उतरवा आणि खोट्या बंदुकीने तोल पाहा. खोटी बंदूक म्हणजे ११० मिलिमीटरचा, सुमारे तीन मीटर लांबीचा सांडपाण्याचा प्लॅस्टिक पाइप. तो कोरड्या वाळूने गच्च भरला की चाळीस किलोंच्या आसपास जातो. खऱ्या बंदुकीचे वजन मागच्या टोकाकडे जास्त असते, म्हणून पुढचा भाग थोडा रिकामा ठेवून मागे तेवढे शिसे किंवा लोखंड घालावे. पाइप आणि स्वतःला पुढे-मागे सरकवत नाळ आणि मागची फळी दोन्ही सारख्या बुडतील अशी जागा सापडली की तिथे पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि मगच कॉकपिटची चौकट कापावी. बंदूक नको असलेल्यांनी पुढे कॅमेऱ्याची पेटी आणि पाण्याचे कॅन ठेवून हाच प्रयोग करावा. त्यांचे कॉकपिट बहुधा वीत-दीड वीत पुढे येईल.

दुसरी गोष्ट बाराच्या धक्क्याची, आणि तीही होडी बांधणाऱ्याच्याच कक्षेतली आहे. पौंडभर छर्रे सेकंदाला साडेतीनशे ते चारशे मीटर वेगाने पुढे जातात, त्यांच्यामागून दारूचा वायू जातो. या सगळ्याचा उलटा धक्का बंदुकीला मिळतो. बंदूक मोकळी असती तर ती सेकंदाला पाच मीटरच्या आसपास वेगाने मागे, म्हणजे माणसाच्या तोंडाकडे, आली असती. तोच धक्का माणूस, होडी आणि बंदूक या २२० किलोंत वाटला गेला की सगळी होडी सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने मागे सरकते आणि पाणी तिला थांबवते. हे वाटप करण्याचे जुने साधन म्हणजे बंदुकीला अडकवलेला आणि नाळेच्या भोकातून ओवलेला जाड दोर. दोर किंचित ताणला जातो, धक्का एकदम न बसता खेचल्यासारखा बसतो आणि तो होडीच्या सर्वांत मजबूत भागावर जातो. तेव्हा नाळेचा खुंट एकसंध ओकचा असावा, तळावरच्या मधल्या लांब पट्टीला तो कोनाकृती आधाराने आणि आरपार बोल्टांनी जोडलेला असावा आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या त्याच्यावर नुसत्या खिळ्यांनी न टेकता गोंदाने आणि स्क्रूने भरपूर लांबीवर बसलेल्या असाव्यात. दोराचे भोक गुळगुळीत, गोलाकार कडांचे आणि डेकखालून पाणी आत येणार नाही असे नळीबंद असावे. डेकवरच्या आधाराला, ज्यावर नळी टेकते, त्याला धक्का घेऊ देऊ नये. त्याचे काम फक्त वजन पेलण्याचे आणि बंदूक वर-खाली झुकवू देण्याचे आहे. जुन्या पंटा दुरुस्तीला येतात तेव्हा डेकच्या मधोमध गेलेली लांब चीर बहुधा याच गोंधळाची असते.

लाकडाचा प्रश्न. पूर्वी तळाला एल्म किंवा लार्च, बाजूंना रुंद, गाठीविरहित पाइनची एकच अखंड फळी आणि वांकांना, म्हणजे होडीच्या आडव्या फासळ्यांना, ओक वापरत. अशी होडी सुंदर दिसते. तरीही तुम्हाला मी प्लायवूडच सुचवतो, आणि त्याचे कारण पैसा किंवा सोय नाही. पंट वर्षातले बहुतेक दिवस ट्रेलरवर किंवा गॅरेजमध्ये कोरडी पडून असते. फळ्यांचा तळ कोरडा पडला की आकसतो आणि सांधे उघडतात. पाण्यात कायम बांधून ठेवलेल्या होडीत ते फुगून आपोआप मिटतात, इथे मात्र दर खेपेला होडी पहिले दोन-चार तास गळत राहते. निजून प्रवास करणाऱ्याला एक इंच पाणी म्हणजे जानेवारीत छातीखाली बर्फाची लादी. ब्रिटिश मानक १०८८ चा शिक्का असलेले मरीन प्लायवूड घ्यावे: तळाला ९ मिलिमीटर, बाजूंना आणि डेकला ६ मिलिमीटर. बांधकामासाठी विकल्या जाणाऱ्या बाहेरच्या दर्जाच्या प्लायवूडच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि बाजूची पट्टी वाकवताना ती नेमकी पोकळीवर मोडते. वांक, कोनपट्ट्या आणि काठपट्ट्यांना डग्लस फर किंवा लार्च चालते. नाळेला आणि मागच्या फळीच्या चौकटीला ओक. खिळे-स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे घ्या. ओकमधल्या आम्लाने साधे लोखंड गंजते आणि लाकूड त्याच्याभोवती काळे पडून भुसभुशीत होते.

प्लायवूडचा तक्ता आठ फुटांचा असतो, तेव्हा अठरा फुटांसाठी तक्ते जोडावे लागतात. त्यासाठी तिरपा सांधा करावा आणि उतार जाडीच्या आठपट ठेवावा. म्हणजे ९ मिलिमीटरला ७२ आणि ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर. दोन्ही तक्ते पायऱ्यांसारखे एकावर एक ठेवून धारदार रंध्याने एकदमच उतार काढला की प्लायवूडच्या थरांच्या रेषा समांतर दिसतात आणि चूक लगेच कळते. सांध्याचा गोंद, म्हणजे इपॉक्सी, दहा अंशांखाली रेंगाळतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये सांधे जोडायचे असतील तर सांध्यावर जुनी रजई आणि खाली छोटा हीटर ठेवावा, किंवा सरळ एप्रिलची वाट पाहावी. मी वाट पाहतो. आणखी एक, अगदी साधी गोष्ट: गॅरेज आतून मोजा. जुन्या घरांची एकेरी गॅरेजे अनेकदा सोळा फुटांच्या आसपासच असतात. कर्णरेषेत होडी बसते का, दार उघडे ठेवून ताडपत्री लावता येते का, आणि पूर्ण झालेली होडी कोपऱ्यावरून वळून बाहेर निघते का, हे आधी दोन पट्ट्या आडव्या धरून पाहा. बसत नसेल तर होडी सोळा फुटांची करा आणि हलकी बंदूक धरा. तेवढ्याने काही बिघडत नाही.

बांधणीला तीन साचे पुरतात: एक मध्यावर, एक नाळ आणि मध्य यांच्या दरम्यान, एक मागे. बाजूंना बाहेरचा कल द्यावा, पण बेताने. होड्या बांधणारे जे पहिल्यांदा हाताने शिकतात ते असे की सरळ कडांची पट्टी बाहेर कललेल्या साच्यांभोवती वाकवली की तिची खालची कड आपोआप कमानीत जाते. कल जास्त तर तळाचा बाक जास्त. अठरा फुटांत दीड ते दोन इंच बाक पुरेसा आहे. त्याहून जास्त झाला की होडी मध्यावर भोवऱ्यासारखी फिरते आणि हातवल्ह्यांनी ती सरळ धरता येत नाही, तर बाक मुळीच नसला तर ती चिखलाला चिकटून बसते. त्यामुळे खरे प्लायवूड कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचे किंवा पातळ हार्डबोर्डचे एक-षष्ठांश नमुने करून पाहावेत. बाजू नाळेला आणि मागच्या फळीला जोडल्यावर आत कोनपट्ट्या बसवाव्यात, त्यांची खालची कड रंध्याने तळाच्या पातळीत आणावी, होडी उलटी करून तळाचा तक्ता चिकटवावा आणि बाहेरून सांध्यावर काचतंतूची पट्टी व इपॉक्सी लावावी. तळाबाहेर लांबीच्या दिशेने ओकच्या दोन-तीन अरुंद घसरपट्ट्या मात्र गोंदाने न लावता स्क्रूनेच बसवा. शिंपल्यांवरून आणि सिमेंटच्या उतारांवरून ओढताना त्याच झिजायच्या आहेत आणि बदलायच्याही.

डेकला मध्यभागी तीन-चार इंचांचा फुगवटा द्या, म्हणजे चढलेले पाणी बाजूंना ओघळेल. पुढच्या डेकवर मधोमध उथळ पन्हळ ठेवली तर बंदूक तेवढी खाली बसते आणि होडीची आकृती बुटकी राहते. कॉकपिटभोवतीचा उभा काठ पुढे तीन इंच आणि बाजूंना कमी असावा. हात जिथून बाहेर जातात तिथे तो गोल घासून त्यावर जुन्या रबराची पट्टी लावावी. आतल्या तळफळ्या सुट्या ठेवा, नाहीतर खाली साचलेला चिखल कधीच निघत नाही.

जुन्या पंटांत हवाबंद कप्पे नव्हते आणि जुन्या पंटवाल्यांची थडगीही किनाऱ्याकाठच्या गावांत आहेत. नाळेत आणि मागे मिळून किमान १२० लिटरचे बंद कप्पे ठेवा, प्रत्येकाला तपासणीचे झाकण ठेवा. पाण्याने भरलेली प्लायवूडची होडी स्वतः तरंगते. पण ४० किलोंचे पोलाद तिला बुडवायला ३५ किलोंनी ओढते, तेवढे भागवून तुमच्यासाठी काही शिल्लक राहायला हवे. बंदुकीला बोया बांधलेला वेगळा दोर लावण्याची पद्धत आहे, ती पाळावी. वॉशमध्ये उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी सहा मीटरहून अधिक बदलते. एसेक्सच्या खाड्यांत ती कमी बदलते, पण तिथला चिखल कमरेपर्यंत घेतो, तेव्हा ओहोटीत रुतलेल्या होडीतून खाली उतरायचे नाही. भरती येईपर्यंत आतच पडून राहायचे. म्हणून पहिल्या काही फेऱ्या बंदुकीशिवाय, उन्हाळ्यात, तरंगजाकीट घालून आणि काठावर कोणाला तरी वेळ सांगून करा.

रंग बिनचमकीचा हवा. आत-बाहेर मळकट पांढरा, त्यात किंचित काळा आणि किंचित हिरवा, एवढे पुरते; पण कागदावरच्या छटेवर विश्वास ठेवू नका. फळीच्या तुकड्यांवर तीन छटा लावून त्या पहाटे खाडीच्या काठावर पाण्याशेजारी उभ्या करा आणि दोनशे पावलांवरून पाहा. गॅरेजमध्ये योग्य वाटणारी छटा पाण्यावर बहुधा फार गडद निघते. वाळल्यावर थोडी चमक उरली तर बारीक पॉलिश कागद फिरवावा.

काठी आणि वल्ही शेवटी करतात, पण त्यांना उरलेले लाकूड वापरू नये. उथळ पाण्यात ढकलण्याची काठी दहा-अकरा फुटांची, सरळ धाग्याच्या स्प्रूसची असावी आणि तिच्या टोकाला बदकाच्या पायासारखा दोन फाट्यांचा ओकचा तुकडा लावावा, म्हणजे ती चिखलात खोल रुतत नाही. हातवल्ही दोन, प्रत्येकी दोन फुटांच्या आत, पाते तळहाताच्या दीडपट रुंद आणि मुठीला मनगटात अडकवायचा दोरीचा फास. बसून लांब पल्ला कापायला साधी वल्ही आणि काठपट्टीवर काढता येणारे कडे लागते. त्या कड्याला चामडे गुंडाळले नाही तर त्याची किरकिर थवा उठवायला पुरेशी होते.